घरी बांधलेल्या विमानाची ट्रिम यंत्रणा : लपलेले बिघाड कसे शोधावेत

धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी, शिरपूरजवळच्या तांडे गावची धावपट्टी आणि जळगावचा विमानतळ या ठिकाणी लहान विमाने जवळून पाहिलेले काही खान्देशी तरुण आता विमानाच्या देखभालीचे काम शिकू लागले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती कधी ना कधी असे विमान येते, जे कारखान्यात नव्हे तर किटमधून किंवा नकाशांवरून कोणीतरी स्वतः बांधलेले असते. पाना कसा धरावा हे ज्यांना कळते, परंतु अशा विमानाची ट्रिम यंत्रणा ज्यांनी अजून उघडलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उड्डाणात नियंत्रणाची काठी सतत ओढून किंवा ढकलून धरावी लागू नये म्हणून एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटावरच्या विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाच्या, मागच्या कडेला एक लहान पट्टी बसवलेली असते. हाच ट्रिम टॅब होय. त्याच्यापासून मागे मागे येत गेल्यास बिजागरी, हॉर्न (टॅबला जोडलेला पत्र्याचा लहान तुकडा), पुशरॉड (हॉर्नला ढकलणारा-ओढणारा दांडा), रॉड एंड (त्या दांड्याच्या टोकाचा गोळीचा सांधा), सर्व्हो (दांडा सरकवणारी लहान मोटर) किंवा केबल, वायरी आणि शेवटी वैमानिकाच्या हाताखालचे बटण अथवा चाक अशी साखळी लागते. बटण दाबले, टॅब वर-खाली झाला आणि ट्रिमची स्थिती दाखवणाऱ्या दर्शकावरचा दिवा सरकला, एवढ्यावरून फक्त एकच गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे वाऱ्याचा भार नसताना टॅब हलतो. यंत्रणेतील निम्मे बोल्ट सैल असले, केबलच्या अर्ध्या तारा तुटलेल्या असल्या किंवा हॉर्नला भेग पडलेली असली तरीही जमिनीवर उभ्या विमानात टॅब तितक्याच सफाईने हलू शकतो. म्हणून ‘चालते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘भार आल्यावर कोणता भाग तो पेलणार आहे आणि तो भाग शाबूत आहे का’ हा प्रश्न प्रत्येक सांध्यापाशी विचारावा लागतो.

प्रमाणित विमानात झिजेची मर्यादा, भाग बदलण्याचे तास आणि नटांचे प्रकार कारखान्याने लिहून दिलेले असतात. घरी बांधलेल्या विमानात मात्र बांधणाऱ्याने सर्व्हो वेगळा घेतलेला असतो, केबलचा मार्ग आपल्या सोयीने वळवलेला असतो, कधी हॉर्नही स्वतः कापलेला असतो आणि त्यातले बरेचसे कुठेही नोंदलेले नसते. अशा विमानात तपासणी करणाऱ्याला थोडेसे रचनाकाराचे डोकेही वापरावे लागते.

बारीक नट आणि मोठा परिणाम

अमेरिकेतील रेनो येथे १६ सप्टेंबर २०११ रोजी हवाई शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचे, मोठे फेरफार केलेले पी-५१ डी मस्टँग विमान प्रेक्षकांच्या भागात कोसळले आणि वैमानिकासह ११ जणांचा मृत्यू झाला. ते विमान घरी बांधलेले नव्हते, तरीही आपल्या विषयाला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की ट्रिम टॅब धरून ठेवणाऱ्या स्क्रूंवरील लॉकनटांचे आतले इन्सर्ट (आटे घट्ट पकडणारी कडी) निकामी झाले होते, त्यामुळे स्क्रू सैल पडले, एका स्क्रूत थकव्याची, म्हणजे वारंवार भार येऊन पडणारी, भेग सुरू झाली आणि टॅबची यंत्रणा जितकी ताठ असायला हवी तितकी राहिली नाही. शर्यतीच्या वेगात टॅब फडफडू लागला, डाव्या टॅबचा जोडदांडा तुटला आणि विमान ताब्याबाहेर गेले.

यातला ‘ताठपणा’ हा शब्द नवशिक्याने मनात पक्का बसवावा. वाहत्या हवेत सैल टॅब स्वतःच्या वजनाने आणि हवेच्या दाबाने कंप पावू लागतो, त्या कंपाला हवाच ऊर्जा पुरवत जाते आणि काही क्षणांत तो एलिव्हेटरलाही आपल्याबरोबर हलवू लागतो. इंग्रजीत ज्याला फ्लटर म्हणतात तो हाच. घरी बांधलेल्या बहुतेक विमानांतील टॅबला प्रतिभार दिलेला नसतो; तो स्थिर राहतो तो केवळ पुशरॉड आणि सर्व्हो त्याला घट्ट धरून असतात म्हणून. त्यामुळे या यंत्रणेत सैलपणा हा नुसता झिजेचा प्रश्न राहत नाही, तर तो थेट सुरक्षिततेचा प्रश्न बनतो.

सुरुवात करण्यापूर्वी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या विमानाचा पत्रा हात लावू देत नाही. मोजमापाचे काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावे. एक तर तापलेल्या धातूवर घेतलेले माप पुढच्या तपासणीशी जुळत नाही, आणि दुसरे म्हणजे घामाने निसरड्या झालेल्या हातांनी बारीक कॉटर पिना (नट फिरू नये म्हणून घालायच्या दुहेरी तारेच्या पिना) बसवताना चुका होतात. वर्षातून एकदाच सविस्तर तपासणी करता येणार असेल तर ती पावसाळा संपल्यावर करावी, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ बिजागरीत आणि रॉड एंडमध्ये शिरते, त्यानंतर चार महिन्यांचा दमट काळ त्या धुळीला ओलावा पुरवतो आणि अॅल्युमिनियम व पोलाद जेथे एकमेकांना टेकतात तेथे गंज धरतो. दोन्ही ऋतूंचे नुकसान एकाच वेळी दिसण्याची ती वेळ असते.

बॅटरीचा संपर्क तोडावा (ट्रिम चालवून पाहण्यापुरताच तो पुन्हा जोडावा) आणि बटणावर ‘काम चालू आहे, हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावावी. शेपटाखाली आधार द्यावा. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान आरसा, तेज टॉर्च, मोबाइलला जोडता येणारा कॅमेऱ्याचा बारीक पाइप, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे साधन), टॉर्क पाना, मल्टीमीटर, थोडा स्वच्छ कापूस आणि एक वही असावी. किटचे मॅन्युअल, सर्व्होसोबत आलेले कागद आणि बांधणाऱ्याने काढलेली जुनी छायाचित्रे मिळाली तर अर्धे काम सोपे होते. बांधणीच्या काळातल्या छायाचित्रांत आता पत्र्याआड गेलेले सांधे दिसतात, त्यामुळे ती मागायला संकोच करू नये.

पहिली पायरी : पुसण्याआधी पाहणे

विमान स्वच्छ करून मग तपासायला घ्यावे अशी आपल्याकडची स्वाभाविक सवय असते. येथे ती सोडावी लागते, कारण घाण हीच पहिली साक्षीदार असते. रिव्हेटच्या डोक्याभोवती किंवा बिजागरीच्या कडेने मागच्या दिशेला काळसर राखाडी ओघळ दिसत असतील तर तेथे दोन धातू एकमेकांवर घासत आहेत आणि घासून निघालेली बारीक भुकटी हवेने मागे नेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. तांबूस ओघळ पोलादी पिन किंवा बोल्ट गंजत असल्याचे सांगतो. रंगाला सांध्यापाशी केसासारखी तडा असेल तर ती रंगाची आहे की खालच्या धातूची, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे सगळे छायाचित्रात टिपून मगच फडके हाती घ्यावे.

याच वेळी टॅब आणि एलिव्हेटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारावी. कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर येथे सापडणे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे. ते टॅबची हालचाल अडवते, पाणी निघण्याचे छिद्र बुजवते आणि आत साचलेले पाणी टॅबचे वजन नेमके मागच्या कडेला वाढवते. कंपनाच्या दृष्टीने वजन वाढण्याची ती सर्वांत वाईट जागा आहे. टॅबवर नंतर कोणी रंगाचे जादा थर चढवले असतील किंवा पुट्टी भरली असेल तर त्याचीही नोंद घ्यावी.

दुसरी पायरी : मोकळीक मोजणे

कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती मोकळीक बोटांनी हलवून ‘ठीक वाटते’ असे ठरवू नये. एलिव्हेटर लाकडी चाप लावून घट्ट बांधावा, म्हणजे टॅब हलवताना एलिव्हेटर हलणार नाही. डायल गेजचे टोक टॅबच्या मागच्या कडेला, टॅब सर्वांत रुंद असतो तेथे टेकवावे. टॅब हलक्या हाताने एका दिशेला दाबावा, आकडा शून्य करावा, मग दुसऱ्या दिशेला तितक्याच जोराने दाबावा आणि एकूण हालचाल वाचावी. जोर इतकाच असावा की मोकळीक संपेल, पत्रा वाकणार नाही. हे दोन वेगळे असल्याचे हाताला लगेच कळते, कारण मोकळीक प्रतिकाराशिवाय सरकते आणि वाकणे स्प्रिंगसारखे परत येते.

किटच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळावी. ती नसेल तर लहान विमानांच्या रचनेत प्रदीर्घ काळ वापरला गेलेला एक ठोकताळा हाताशी ठेवावा : टॅबच्या मागच्या कडेची एकूण मोकळीक ही बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतच्या कमाल रुंदीच्या २.५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. टॅब १०० मिलिमीटर रुंद असेल तर ही मर्यादा अडीच मिलिमीटर होते, ६० मिलिमीटर असेल तर दीड. डोळ्याला क्षुल्लक वाटणारी हालचाल मर्यादेच्या किती जवळ असते हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

हे माप एकाच स्थितीत घेऊन थांबू नये, आणि बहुतेक जण नेमके तेच करतात. सर्व्होच्या आतला स्क्रू किंवा हातचाकाचा स्क्रू ज्या स्थितीत सर्वाधिक काळ असतो, म्हणजे सपाट उड्डाणाच्या स्थितीत, तेथेच त्याचे आटे सर्वांत जास्त झिजतात. हँगरमध्ये (विमानाच्या शेडमध्ये) ट्रिम कुठल्यातरी टोकाला ठेवलेले असेल तर तेथे आटे जवळजवळ नवे असतात आणि माप उत्तम येते. म्हणून दोन्ही टोके, मध्य आणि वैमानिकाला विचारून घेतलेली नेहमीची उड्डाणस्थिती अशा चार जागी माप घ्यावे. एका जागी मोकळीक स्पष्टपणे जास्त आली तर दोष स्क्रू-नटाच्या जोडीत आहे. चारही जागी सारखीच जास्त आली तर तो बिजागरीत, हॉर्नच्या छिद्रात किंवा रॉड एंडमध्ये शोधावा.

मोकळीक कोठे आहे हे शोधण्यासाठी एकाने टॅब हळूहळू वर-खाली करावा आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटाचे टोक असे ठेवावे की ते दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करेल. डोळ्याला न दिसणारी टिचकी बोटाला जाणवते. सर्व्होचे बूड ज्या पत्र्याला बोल्टने जोडले आहे त्या पत्र्यालाही असेच तपासावे. सर्व्हो, पुशरॉड आणि हॉर्न हे सगळे निर्दोष असून तो आधाराचा पत्राच वाकत असल्याने टॅब हलतो, असे घरी बांधलेल्या विमानांत आढळू शकते.

तिसरी पायरी : बिजागरी

बहुतेक टॅब लांब पियानो बिजागरीवर बसवलेले असतात. तिच्यात एक लांब पोलादी तार असते आणि ती दोन्ही टोकांना वळवून, दाबून किंवा सेफ्टी तारेने बांधून अडवलेली असावी लागते. या अडवणुकीची जागा शोधून डोळ्यांनी पाहावी. तार एका बाजूने थोडी बाहेर सरकली असेल तर दुसऱ्या टोकाचे एक-दोन डोळे (तार ज्यांतून जाते ती पत्र्याची गोल वळणे) रिकामे झालेले असतात, आणि टॅब तरीही व्यवस्थित हलत राहतो. प्रत्येक डोळ्याच्या मुळाशी, जेथे पत्रा गोल वळतो तेथे, भिंगाने भेग शोधावी. तार ओढून काढता येत असेल तर काढावी. तिच्यावर पायऱ्या पडल्यासारखी झीज दिसली तर नुसती तार बदलून भागत नाही, डोळ्यांची छिद्रेही लांबट झालेली असण्याचा दाट संभव असतो.

वंगण घालताना आपल्या भागातली धूळ ध्यानात ठेवावी. जाड ग्रीस धुळीत मिसळून घासकागदाचे काम करू लागते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दुसरे काही सांगितले नसेल तर कोरडे वंगण बरे. फोम व कापडाच्या फायबर रचनेत बिजागरी चिकटवलेली असेल तर तिच्या कडेने नाण्याने हलके ठोकत जावे : स्वच्छ टणक आवाज सलगपणे येत असताना एके ठिकाणी तो बद्द येऊ लागला तर तेथे चिकटवण सुटलेली आहे.

चौथी पायरी : नट, बोल्ट आणि रॉड एंड

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथील दोष जवळजवळ नेहमीच झाकलेले असतात.

नायलॉनचे कडे असलेले लॉकनट हे बोल्टाच्या आट्यांना घट्ट पकडून सैल होण्यास विरोध करतात. नट बोल्टावर बोटांनी फिरत असेल तर त्याची पकड संपलेली आहे आणि तो टाकून द्यावा. त्यावर टॉर्क कितीही अचूक दिला तरी कंपनापुढे तो टिकणार नाही. नट पूर्ण बसल्यावर बोल्टाचा किमान एक आटा नटाच्या बाहेर दिसला पाहिजे, नाहीतर आटे नायलॉनपर्यंत पोहोचलेलेच नसतात. जेथे बोल्ट किंवा नट स्वतः फिरण्याची शक्यता असते, म्हणजे पुशरॉडच्या टोकाचा फिरता सांधा, तेथे केवळ लॉकनटावर विसंबू नये. तेथे खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन लागते. घरी बांधणाऱ्यांकडून ही गोष्ट अनेकदा राहून जाते.

येथे एक स्थानिक सूचना करणे भाग आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नायलॉकचे (नायलॉनचे कडे असलेले) नट, बोल्ट आणि रॉड एंड सहज मिळतात आणि ते दिसायलाही हुबेहूब असतात. पंप, ठिबकची यंत्रे आणि ट्रॅक्टर यांच्यासाठी ते उत्तमच असतात, परंतु विमानाच्या नियंत्रण यंत्रणेत ते वापरू नयेत. विमानाच्या बोल्टाला आटे नसलेला जो सरळ भाग असतो त्याची लांबी जोडल्या जाणाऱ्या पत्र्यांच्या जाडीशी जुळवलेली असते, जेणेकरून आटे छिद्रात घासू नयेत. बाजारातल्या बोल्टाचे आटे बहुधा डोक्याच्या जवळपर्यंत गेलेले असतात. ते करवतीसारखे छिद्र मोठे करतात आणि वरून सारे घट्टच दिसते. बोल्टाच्या डोक्यावर विमानाच्या दर्जाची खूण नसेल, तर तो काढून आत काय आहे ते पाहिलेच पाहिजे.

रॉड एंड पुशरॉडमध्ये किती आत गेला आहे हे बाहेरून कळत नाही. पुष्कळ पुशरॉडांना यासाठी एक बारीक तपासणीचे छिद्र ठेवलेले असते. त्यात सेफ्टी तारेचा तुकडा घालून पाहावा. तार आरपार गेली तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत. ट्रिमची जुळणी करताना प्रत्येक वेळी पुशरॉड थोडा लांब करत गेल्यास एका टोकाचे आटे शेवटी दोन-तीनच उरतात. छिद्र नसेल तर जॅमनट (रॉड एंड जागेवर आवळून धरणारा नट) सोडून फेरे मोजत रॉड एंड बाहेर काढावा आणि मोजूनच परत बसवावा.

रॉड एंडमधली गोळी तिच्या घरातून सुटून बाहेर येऊ शकते. अशा वेळी बोल्टाच्या टोकाला गोळीच्या घरापेक्षा मोठा वॉशर असेल तर सांधा निदान विलग होत नाही, सैल का होईना पण जागेवर राहतो. हा वॉशर आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तो बसवल्यावर हालचालीला अडथळा येत नाही ना हेही पाहावे. गोळीभोवती तांबूस भुकटी म्हणजे आतून झीज होत असल्याचे लक्षण समजावे.

काम पूर्ण झाल्यावर नट आणि पत्रा यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. मात्र जुनी रेघ सलग आहे एवढ्यावरून नट घट्ट आहे असे गृहीत धरू नये, कारण नट न फिरताही पत्रा दबून किंवा छिद्र झिजून सांधा सैल होऊ शकतो.

पाचवी पायरी : हॉर्न

टॅबला जोडलेला हॉर्न हा वाकवलेल्या पत्र्याचा लहानसा तुकडा असतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला भेग पडण्याची त्याची प्रवृत्ती असते. आरसा आणि तिरपा प्रकाश वापरून ती जागा पाहावी. बोल्टाच्या छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर बोल्टाच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे. झीज झाली म्हणून कोणी छिद्र मोठे करून जाड बोल्ट घातला असेल तर हे अंतर नकळत कमी झालेले असते. शंका असेल तेथे रंग काढून डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती उठून दाखवणारा रंगीत द्रव) वापरावा. भेग पृष्ठभागापर्यंत आलेली असेल तरच ही पद्धत ती दाखवते, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर पेनिट्रंट भेगेत शिरण्याआधीच वाळतो, त्यामुळे हे कामही सावलीतच करावे. भेग सापडल्यास तिच्या टोकाला छिद्र पाडून थांबवण्याचा प्रयोग नियंत्रण यंत्रणेच्या भागावर करू नये. भाग बदलावा.

केबलची ट्रिम असल्यास

सायकलच्या ब्रेकसारखी बाहेर आवरण आणि आत तार अशी केबल अनेक जुन्या रचनांत असते. तिच्यातला मोठा धोका असा की आतली तार जेथे सर्वाधिक वळते तेथेच, म्हणजे नेमकी दृष्टीआड, तुटत जाते. आतली तार बाहेर काढता येत असल्यास तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. तुटलेला प्रत्येक धागा कापूस पकडून ठेवतो. उघड्या हाताने तार कधीही चाचपू नये. तार काढता येत नसेल तर ती पूर्ण पल्ल्यात सावकाश फिरवून कोठे खरखर किंवा अडखळ जाणवते ते पाहावे, आणि ती जाणवली तर केबल सरळ बदलावी. तेल घालून ते लक्षण दडवू नये.

दुसरा दोष आवरणाच्या पकडीत असतो. आवरण धरून ठेवणारा क्लँप घसरत असेल तर भार नसताना टॅब नीट हलतो आणि भार आल्यावर टॅबऐवजी आवरणच सरकते. क्लँपच्या कडेला आवरणावर पेन्सिलीने खूण करून टॅबला हाताने विरोध करत चाक फिरवावे. खूण हलली तर दोष सापडला.

एलिव्हेटरच्या दांड्याला स्प्रिंग जोडून ताण देणारी ट्रिम असेल तर काम थोडक्यात आटोपते : स्प्रिंगची टोके जेथे अडकतात तेथील झीज, स्प्रिंगचा गंज, आणि स्प्रिंग तुटल्यास तिचे मोकळे टोक कुठल्या नियंत्रण दांड्यात अडकू शकेल का, एवढे पाहावे.

विजेची ट्रिम असल्यास

किट विमानांत बहुधा लहान विद्युत सर्व्हो असतो. त्यातील मोटर एक स्क्रू फिरवते आणि दांडा पुढे-मागे सरकतो. सर्व्होच्या आतच स्थिती मोजणारा सेन्सर असतो आणि वैमानिकासमोरचा दर्शक त्याच्याकडून माहिती घेतो. ही रचना समजली की एक महत्त्वाची गोष्ट उलगडते : दर्शक सर्व्होच्या दांड्याची जागा दाखवतो, टॅबची दाखवत नाही. पुशरॉड सुटून पडला तरी दर्शकावरचा दिवा इमानदारीने सरकत राहील. म्हणून टॅबवर कोनमापक ठेवून दोन्ही टोकांचे आणि मध्याचे कोन मोजावेत आणि दर्शकाच्या प्रत्येक स्थितीपुढे लिहून ठेवावेत.

त्यानंतर भाराखालची चाचणी घ्यावी. एकाने टॅबच्या मागच्या कडेवर हाताने, रुंद लाकडी पट्टी मध्ये धरून, बेताचा विरोध करावा आणि दुसऱ्याने ट्रिम चालवावी. सर्व्हो एका दिशेने मंदावतो, मध्येच थांबतो किंवा त्याचा आवाज बदलतो का, ते ऐकावे. याच वेळी मोटरचा विद्युतप्रवाह मोजावा. पल्ल्याच्या एका ठरावीक भागात तो वाढत असेल तर तेथे पुशरॉड कुठेतरी घासतो आहे किंवा सांधा तिरका होऊन अडकतो आहे.

वायरींच्या बाबतीत एलिव्हेटरच्या बिजागरीजवळची जागा सर्वांत नाजूक असते, कारण एलिव्हेटर हलताना वायर तेथे दर वेळी वाकते. बाहेरचे आवरण अखंड राहून आतले तांबे तुटणे हा विजेच्या ट्रिमचा नमुनेदार लपलेला दोष होय. तो शोधण्यासाठी ट्रिम चालू ठेवून एलिव्हेटर पूर्ण वर-खाली करावा आणि सर्व्हो क्षणभरही अडखळतो का ते पाहावे. वायरीला तेथे पुरेसा मोकळा वळसा असावा आणि तिची पकड दोन्ही बाजूंना असावी. हँगरच्या आसपास धान्य किंवा सरकी साठवलेली असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या जागाही शोधाव्यात. त्या बहुधा शेपटाच्या पोकळीत, जेथे कोणी डोकावत नाही तेथे असतात.

बटण आणि रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) यांची चाचणी राहू नये. बटण सोडल्यावर ट्रिम तत्काळ थांबली पाहिजे. रिले चिकटला किंवा बटण आत अडकले तर ट्रिम आपोआप टोकापर्यंत धावत जाते, आणि काही विमानांत त्या स्थितीत काठीवर येणारा जोर थकवून टाकणारा असतो. अशा वेळी वीज तोडण्याचा ब्रेकर वैमानिकाला पट्टा बांधलेल्या अवस्थेत, न पाहता, हाताला लागतो का हे त्यालाच बसवून पाहावे. धूळ शिरून चिकट झालेले बटण साफ करण्याऐवजी बदलणे स्वस्त पडते.

परत जोडल्यानंतर

सांधा ज्याने जोडला त्याला सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाने तो पुन्हा तपासावा, आणि त्याला काय काय उघडले होते याची यादी द्यावी, केवळ ‘एकदा नजर टाका’ असे म्हणू नये. दिशा तपासताना हे लक्षात ठेवावे की एलिव्हेटरवरील साध्या टॅबमध्ये नाक वर करण्याची ट्रिम दिली असता टॅबची मागची कड खाली जाते. सर्व्होच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्यास ट्रिम अगदी सुरळीत चालते, फक्त उलट दिशेने. उड्डाण करताना पहिल्या वेळी पुरेशा उंचीवर, कमी वेगात, थोडी थोडी ट्रिम देऊन पाहावी; काठीत बारीक थरथर जाणवल्यास वेग लगेच कमी करावा आणि उतरावे.

एखादा भाग वेगळ्या प्रकारचा बसवायचा असेल तर ज्या अटींवर विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली आहे त्या कागदांत हा बदल बसतो का, हे परवानाधारक अभियंत्याला आधी विचारावे. वहीत ‘तपासले, ठीक’ असे लिहिण्याऐवजी मोकळीकीचे चारही आकडे, विद्युतप्रवाह आणि कोन लिहावेत. १०० मिलिमीटर रुंद टॅबची आज एक मिलिमीटर असलेली मोकळीक मर्यादेत असते. पुढच्या वर्षी ती दीड झाली तर अजूनही मर्यादेत असेल, पण तिची चाल कळलेली असेल आणि भाग वेळेत मागवता येईल, कारण असे भाग बऱ्याचदा परदेशातून येतात आणि त्यात आठवडे जातात.

काढलेले जुने लॉकनट डब्यात ठेवू नयेत. पकडीत धरून त्यांचे आटे ठेचावेत आणि मगच भंगारात टाकावेत. हँगरमधल्या त्याच डब्यातून पुढच्या वेळी घाईत नट उचलला जातो आणि नवा-जुना ओळखता येत नाही.